नगरविकास विभागाला खुले पत्र: टॉवरची फाइल आणि इमारतीची फाइल एकदा शेजारी ठेवून बघा

प्रति,
मा. प्रधान सचिव, नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि राज्यातल्या सर्व महापालिकांचे नगररचना अधिकारी

सादर नमस्कार.

माझ्या बेडरूमच्या खिडकीसमोर अठरा मीटरवर मोबाइल टॉवरच्या सहा अँटेना आहेत. अठरा हा आकडा मी मंजूर नकाशांवरून काढला आहे. समोरच्या इमारतीचं सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि हद्द यांच्यामध्ये सोडलेली मोकळी जागा, साडेचार मीटर, मधला रस्ता नऊ मीटर आणि आमचं सामासिक अंतर साडेचार. खिडकीत उभं राहिलं की अँटेना अगदी डोळ्यांच्या रेषेत येतात. माणसाच्या उंचीच्या उभट पांढऱ्या पेट्या, पाठीमागून निघालेल्या काळ्या केबल आणि त्या सगळ्या गच्चीवरच्या पत्र्याच्या कपाटात शिरलेल्या. मधल्या पोलवर कावळ्यांनी घरटं केलं आहे, त्यातल्या काड्याही मला मोजता येतात.

हा टॉवर माझ्या समोर कुणी आणून उभा केला नाही. टॉवर आधीचा आहे, मी नंतर वर आले, आणि माझ्या पत्राचा विषय तोच आहे.

आमची इमारत नाशिकच्या एका उपनगरात १९८९ साली बांधलेली. तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. समोरची त्याच बिल्डरने त्याच नकाशावर बांधलेली, तीही तेवढीच. २००९ मध्ये समोरच्यांच्या गच्चीवर पोल उभे राहिले तेव्हा मी संस्थेची सचिव होते. तेव्हा आमच्या घरांपेक्षा ते बरेच वर होते, त्यामुळे कुणी फारसं बोललं नाही. पुढे आमची इमारत पुनर्विकासाला गेली आणि २०२३ मध्ये ताबा मिळाला. खाली पार्किंग, वर सात मजले. गुडघे दुखतात, पण आता लिफ्ट आहे, उजेड-वारा भरपूर मिळेल, म्हणून मी हौसेने पाचवा मजला मागून घेतला. किल्ली घेतली, दार उघडलं, खिडकी सरकवली आणि समोर अँटेना. माझ्या नातीने विचारलं, "आजी, हे आपल्याकडे बघतंय का?"

इथे कुणाची लबाडी नाही. समोरचा टॉवर परवानगी घेऊन उभा आहे. आमची इमारतही रीतसर मंजुरीने, वाढीव चटईक्षेत्र आणि प्रीमियम भरून बांधलेली आहे, भोगवटा प्रमाणपत्रही आहे. दोन्ही मंजुऱ्या एकाच महापालिकेच्या एकाच विभागाने दिल्या. आमचा नकाशा तपासताना पार्किंग, जिने, अग्निशमन, पर्जन्यजल संधारण, झाडं, विमानतळाची उंचीची मर्यादा असं सगळं पाहिलं गेलं. समोरच्या गच्चीवर काय आहे आणि नव्या इमारतीचा कुठला मजला त्याच्या रेषेत येतोय, हे मात्र कुणी पाहिलं नाही, कारण नकाशा तपासण्याच्या यादीत तो रकानाच नाही.

यानंतर मी जी वणवण केली ती थोडक्यात सांगते, कारण ती तुम्हाला नवी नसेल. विभागीय कार्यालयाने नगररचनेकडे पाठवलं. नगररचनेने सांगितलं, किरणोत्सर्ग हा केंद्राच्या दूरसंचार विभागाचा विषय आहे. टॉवरवर फोन नंबराची पाटी होती, तिथे फोन केला तर पलीकडच्या मुलाने अत्यंत नम्रपणे सांगितलं की साइट नियमात आहे. तोही खरंच बोलत होता.

मग मी केंद्र सरकारच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर गेले. २०१७ पासून ते चालू आहे. आपल्या परिसरातले टॉवर त्यावर नकाशात दिसतात आणि ४,००० रुपये भरले की आपल्या ठिकाणी प्रत्यक्ष मोजणी करून मिळते. मी पैसे भरले. दोघं जण यंत्र घेऊन आले, बेडरूममध्ये, बाल्कनीत आणि गच्चीवर मोजणी झाली. आकडा मर्यादेच्या आत आला. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या विषयावर लिहिणारे बरेच जण ही गोष्ट लपवतात.

टॉवरच्या लहरींसाठी भारतातली मर्यादा कडक आहे, हेही मला मान्य आहे. १ सप्टेंबर २०१२ पासून आपण आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा पाळतो. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा चौरस मीटरला ४.५ वॉट आहे, आपल्याकडे ०.४५. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘२ बी’ गटात टाकलं, म्हणजे कर्करोगाची शक्यता पूर्ण नाकारता येत नाही पण पुरावाही पुरेसा नाही, असा तो गट. त्याच गटात आशियातल्या काही पारंपरिक खारवलेल्या भाज्याही आहेत. त्यामुळे टॉवरमुळे अमक्याला कॅन्सर झाला, चिमण्या गेल्या, असं मी म्हणणार नाही. मला ते सिद्ध करता येत नाही, आणि सिद्ध न होणाऱ्या गोष्टीवर भांडण उभं केलं की जे खरं आहे तेही वाहून जातं.

न्यायालयातही तेच झालंय. सांगली जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने आरोग्याच्या भीतीने टॉवर थांबवण्याचा ठराव केला होता, तो मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला. अपायाला शास्त्रीय आधार नाही, हे त्यामागचं कारण. तरीही आजही गावोगावच्या सभांमध्ये लोक किरणोत्सर्ग हाच एक मुद्दा घेऊन उठतात, कारण दुसरं काही विचारायची जागाच आपण त्यांना ठेवलेली नाही. तुमच्या घरासमोर काय उभं राहतंय, किती उंच, किती वजनाचं, कुणाच्या जबाबदारीवर, हे विचारायला कुठलं टेबल आहे? ते नाही म्हणून माणूस कॅन्सरचं नाव घेतो.

आता जरा त्या अँटेनांकडे बघू. टॉवरची अँटेना कंदिलासारखी चहूकडे सारखी फाकत नाही, तिचा बॅटरीसारखा झोत असतो, समोर आणि किंचित खाली झुकलेला. त्यामुळे ज्या इमारतीवर ती बसते तिच्या घरांत तिचा प्रभाव बराच कमी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो इथे शब्दशः खरा आहे. झोत पडतो तो समोर त्याच उंचीवर असलेल्या घरावर. आणि आपले नियम ना हरकत कुणाची मागतात? ज्याच्या गच्चीवर टॉवर, त्याच्या संस्थेची. भाडंही तिथेच जातं. समोरच्याला विचारत नाहीत, कळवतही नाहीत.

दूरसंचार विभागाला ही गोष्ट चांगली ठाऊक आहे. त्यांच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अँटेनाच्या थेट समोर तेवढ्याच उंचीची इमारत किती अंतरापर्यंत नसावी, हे दिलं होतं. एक अँटेना असेल तर २० मीटर, दोन असतील तर ३५, चार असतील तर ४५, सहा असतील तर ५५. माझ्याकडे तोंड केलेल्या सहा आहेत आणि मी अठरा मीटरवर आहे. यावर मला उत्तर मिळालं की प्रत्यक्ष मोजणी मर्यादेत आल्यावर अंतराचा प्रश्न उरत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर असेलही. पण मोजणी त्या एका दिवसाची होती. ताबा घेतला तेव्हा या बाजूला चार अँटेना होत्या. मोजणीनंतर काही महिन्यांनी एका दुपारी दोन मुलं पट्टे बांधून पोलवर चढली आणि संध्याकाळपर्यंत सहा झाल्या. फाइव्ह-जी आलं असावं. कुणालाही काही कळवायचं नव्हतं, त्यामुळे कळवलं नाही. आता पुन्हा चार हजार भरायचे का? प्रत्येक नव्या पेटीमागे एक मोजणी, तीही निवृत्तिवेतनातून?

समोरच्यांवर माझा राग नाही, तेही सांगून टाकते. त्यांच्या संस्थेचे अध्यक्ष आमचे तीस वर्षांचे शेजारी. त्यांना मी नाना म्हणते. मी विषय काढला तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, त्या भाड्यावर आमची पाण्याची मोटर आणि वॉचमन चालतो. बारा घरं, त्यातली पाच भाड्याने दिलेली, मेंटेनन्स कोण देतो? टॉवर गेला तर आमची इमारत बसेल." त्यांनी मला गच्चीवर नेऊन दाखवलं. पोलचे पाय बसवताना गच्चीचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे पाणी अडवणारा विटांच्या तुकड्यांचा थर, फोडला होता, तिथून तिसऱ्या मजल्यावर गळती सुरू झाली. कंपनीच्या ठेकेदाराने दोनदा डांबर फासलं. स्लॅब १९८९ चा. त्यावर पोल, बॅटऱ्यांची कपाटं आणि त्यांचा लोखंडी सांगाडा. उभारणीच्या वेळी अभियंत्याचा दाखला जोडला होता, तो आजही फाइलमध्ये आहे. त्यानंतर वाढलेलं वजन त्या दाखल्यात कुठून असणार?

१३ मे २०२४ ची संध्याकाळ आपण विसरलो नसू. घाटकोपरला वादळात होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं आणि १७ माणसं गेली. महापालिकेची कमाल परवानगी ४० बाय ४० फुटांची आणि उभं होतं १२० बाय १२० फुटांचं. दुसऱ्या दिवसापासून महापालिकेकडून ऐकू आलं ते एकच, जागा रेल्वे पोलिसांची, परवानगी त्यांची, आमची नाही. टॉवर म्हणजे होर्डिंग नव्हे. त्याचा वारा झेलणारा पसारा कमी असतो, रचना वेगळी असते. पण ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य मला माझ्या फाइलमध्ये तीन कार्यालयांकडून लेखी मिळालेलं आहे, म्हणून मला घाटकोपर आठवतं.

तुम्ही म्हणाल, केंद्राने आमचे हात बांधलेत. काही अंशी ते खरं आहे. केंद्राचे ‘राइट ऑफ वे’ नियम, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत टॉवर-केबल बसवण्याचे नियम, त्यांच्या ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीने खासगी इमारतीवर टॉवर उभारायला स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीची गरज राहिली नाही. काम सुरू करण्याआधी लेखी माहिती आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला दिला की झालं. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा आला आणि १ जानेवारी २०२५ पासून ‘राइट ऑफ वे’चे नवे नियम लागू झाले. नेटवर्क लवकर पसरावं हा त्यांचा हेतू, आणि तो चुकीचा नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोकणात, सह्याद्रीच्या वाड्या-पाड्यांवर मुलं रेंजसाठी डोंगर चढत होती. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या माणसांना आपण जिवंत आहोत हे मुंबई-पुण्यातल्या घरच्यांना कळवता येईना. माझी चुलत बहीण श्रीवर्धनला असते. तिचा आवाज ऐकू येईपर्यंत आमच्या घरात कुणी धड जेवलं नाही. टॉवर नको असं म्हणायची माझी छातीच होणार नाही.

पण परवानगीचा अधिकार कमी झाला म्हणून तुमच्याकडचं सगळंच गेलं का? लेखी माहिती तर तुमच्याच कार्यालयात येते. ती येऊन कुठे जाते? माझ्या अनुभवात ती आवक-जावक नोंदवहीत शिरते आणि तिथेच थांबते. इमारतीची परवानगी, पुनर्विकासाचे नकाशे, विकास आराखडा, महापालिकेच्या स्वतःच्या जागा हे सगळं आजही पूर्णपणे तुमच्या हातात आहे. राज्यासाठीची एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये तुम्हीच आणलीत. त्यामुळे जुन्या तीनमजली इमारतींच्या जागी सात-सात, बारा-बारा मजले उभे राहतायत आणि हवीच होती ती. पण सगळ्या शहरांतले बरेच टॉवर याच जुन्या, कमी उंचीच्या, भाड्याची गरज असलेल्या इमारतींच्या गच्च्यांवर आहेत. एकेक शेजारी उठून त्यांच्या झोतात उभा राहतोय. मी एकटी नाही. पुण्यात, ठाण्यात, कोल्हापुरात कुठल्याही जुन्या वसाहतीत गच्चीवरून नजर फिरवा.

माझी मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये एडिसनला राहते. मराठी माणसं तिथे पुष्कळ आहेत. मी तिला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने तिकडची पद्धत सांगितली. अमेरिकेच्या १९९६ च्या दूरसंचार कायद्याने, केंद्रीय मर्यादा पाळली असेल तर लहरींच्या परिणामाचं कारण देऊन टॉवर नाकारायला गावांना बंदी केली आहे. म्हणजे त्या बाबतीत त्यांचेही हात आपल्यासारखेच बांधलेले. पण टॉवर कुठे, किती उंच, कसा दिसणारा, हे ठरवायचा अधिकार त्याच कायद्याने गावांकडे ठेवला. नकार द्यायचा तर लेखी द्यावा लागतो आणि कारणंही लेखी द्यावी लागतात, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये पक्कं केलं. आणि न्यू जर्सीत असं प्रकरण नियोजन मंडळापुढे सुनावणीला आलं की २०० फुटांच्या आतल्या प्रत्येक मालमत्ताधारकाला किमान १० दिवस आधी सूचना जाते. २०० फूट म्हणजे साधारण साठ मीटर. माझी खिडकी त्यात तीनदा बसेल.

अमेरिकेची नक्कल करा असं माझं म्हणणं नाही. तिथे घरं सुटी, जागा ऐसपैस, आपल्याकडे गच्चीला गच्ची लागलेली. पण शेजाऱ्याला आधी एक पत्र पाठवायला काही ऐसपैस जागा लागत नाही. आपल्या विकास आराखड्यावर साधी हरकत घ्यायलाही आपण लोकांना मुदत देतो. बांधकामाच्या जागेवर परवानगीचा क्रमांक, मजले, वास्तुविशारदाचं नाव असलेला फलक लावायला लावतो. मग गच्चीवर काही टन लोखंड चढणार असेल तर खाली रस्त्यावर तसाच एक फलक का नको? किती पोल, किती अँटेना, कुठल्या दिशेला तोंड, दाखला कुणाचा, तक्रार कुणाकडे. आणि अँटेना वाढल्या की नवा दाखला आणि फलकावर नवा आकडा.

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते विकास आराखड्याबद्दल. आपल्या आराखड्यात भाजी मंडईला आरक्षण आहे, स्मशानभूमीला आहे, बस डेपोला, दवाखान्याला, पाण्याच्या टाकीला, खेळाच्या मैदानाला आहे. ज्याच्याशिवाय आज ना रेशनचा अंगठा उमटतो, ना बँकेचा ओटीपी येतो, ना रुग्णवाहिका बोलावता येते, त्या टॉवरला मात्र आराखड्यात जागा नाही. म्हणून तो जिथे भाड्याची गरज आहे तिथे जातो. कुठे टॉवर उभा राहावा हे आज शहर ठरवत नाही, एखाद्या संस्थेची थकबाकी ठरवते. नानांच्या संस्थेने तो घेतला, कारण त्यांच्या मोटरचं बिल थकलं होतं. हे नियोजन नव्हे, आणि याचा दोष मी नानांना देऊ शकत नाही.

शहरभर महापालिकेच्या पाण्याच्या उंच टाक्यांची आवारं आहेत, मंडया आहेत, विभागीय कार्यालयं, बहुमजली पार्किंग, मलनिस्सारण केंद्रं आहेत. तिथे आधीच मोकळं अंतर आहे, रात्री कुणी झोपत नाही आणि भाडं थेट महापालिकेच्या तिजोरीत येईल. सगळे टॉवर तिथे मावणार नाहीत, हे मला कळतं. फाइव्ह-जीला तर लहान लहान अँटेना जवळजवळ लागतात, त्या दिव्याच्या खांबांवर बसतील. पण निम्मे जरी तिथे गेले तरी उरलेल्यांसाठी चांगल्या गच्च्या निवडायला वाव मिळेल. आराखड्याची पुढची फेरतपासणी होईल तेव्हा प्रत्येक प्रभागात अशा जागा नकाशावर दाखवा आणि कंपन्यांना सांगा, आधी इथे या.

आणि नकाशा मंजुरीच्या यादीत तो एक रकाना घाला. साठ मीटरच्या आत टॉवर आहे का? असल्यास कुठल्या मजल्याच्या रेषेत? टॉवरची ठिकाणं तरंग संचारवर आहेतच, तुमची ऑनलाइन मंजुरीची प्रणालीही आहे. रेषेत येत असेल तर इमारत अडवायची गरज नाही. अँटेना चार मीटर वर न्यायच्या किंवा दिशा बदलायची, की त्या बाजूला जिना, लिफ्टची भिंत आणि पाण्याची टाकी घ्यायची, हे वास्तुविशारद आणि कंपनीचा माणूस एका दुपारी बसून ठरवतील. आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर आमच्या वास्तुविशारदाने बेडरूम मागे घेऊन पुढे जिना केला असता. त्याने स्वतःच मला हे सांगितलं, आणि त्याला वाईट वाटत होतं.

जनरेटरच्या आवाजाबद्दल एवढंच लिहिते. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा २००० सालच्या नियमांनी घातलेली आहे. वीज गेली की आमच्या गल्लीत ती पाळली जात नाही. यासाठी नवा नियम नको, रात्री एकदा येऊन मोजणारा माणूस हवा.

आमच्या गल्लीत आणखी दोन इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्यातली एक माझ्या डाव्या हाताला, त्याच टॉवरच्या दुसऱ्या बाजूच्या अँटेनांसमोर आहे. तिचा नकाशा सध्या मंजुरीसाठी नगररचना विभागात आहे. त्या संस्थेच्या सचिवांनी तो मला दाखवला. पाचव्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला मुलांची खोली आहे. ती फाइल मंजूर होण्याआधी तुमच्यापैकी कुणीतरी येऊन माझ्या खिडकीतून एकदा बघावं. सकाळी नऊनंतर मी घरीच असते.

आपली,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची माजी सचिव
नाशिक